आधी विषाणूची वाट विचारा

आईला विषाणूचा संसर्ग असेल तर बाळ तिच्यापासून लांब ठेवावं, असं मी नोकरीतली बरीच वर्षं ठामपणे मानत होते. सरकारी रुग्णालयात परिसेविका म्हणून बाळंतिणींचा वॉर्ड सांभाळताना नव्याने आलेल्या सिस्टरनाही मी तेच शिकवलं. आज माझं मत तसं नाही. ते एका दिवसात बदललं नाही आणि वरून परिपत्रक आलं म्हणूनही बदललं नाही. एचआयव्हीपासून कोविडपर्यंतचा काळ त्यासाठी जावा लागला. हे सगळं लिहावंसं वाटतं, कारण तो जुना विचार आजही घराघरांत आणि कित्येक प्रसूतिगृहांत पक्का बसलेला आहे. बाळंतिणीला जरा ताप आला की आधी कुणीतरी म्हणतंच, "बाळ तिच्याजवळ देऊ नका."

हा विचार वरवर पाहता शहाणपणाचाच वाटतो. बाळ जेमतेम अडीच किलोचं. त्याची स्वतःची प्रतिकारशक्ती कच्ची, आणि जी थोडीफार असते ती वारेतून आईकडून आलेली. मोठं माणूस आजारी पडलं की तापतं, कण्हतं. नवजात बाळ आजारी पडलं की कधी तापतं, तर कधी उलट गार पडतं, दूध ओढायचं थांबतं, मलूल होतं. हे कळायलाही सरावलेला डोळा लागतो. अशा जिवाशेजारी विषाणू असलेलं माणूस ठेवायचं कशाला, मग ते माणूस आई का असेना? त्यात रात्रपाळीला वॉर्ड भरलेला आणि हात मोजके. बाळ उचलून दुसऱ्या खोलीत नेणं हा लगेच करता येणारा, सगळ्यांना दिसणारा उपाय असतो. नातेवाइकांचं समाधान होतं आणि आपल्यालाही कर्तव्य केल्यासारखं वाटतं.

माझ्या या मताला सगळ्यात मोठा आधार दिला तो एचआयव्हीने. महाराष्ट्रात त्या साथीचा जोर मोठा होता. आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखण्याचा कार्यक्रम २००२ च्या सुमारास आपल्याकडे सुरू झाला, तेव्हा हाताशी एकच औषध होतं, नेव्हिरापिन. कळा सुरू झाल्या की आईला २०० मिलिग्रॅमची एक गोळी, आणि जन्मानंतर ७२ तासांच्या आत बाळाला वजनाप्रमाणे मोजून थोडं सरबत. औषधोपचार नसेल तर गर्भात, प्रसूतीत आणि अंगावरच्या दुधातून मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना संसर्ग होतो, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं गेलं होतं. दुधातून विषाणू जातो, हे सिद्ध झालेलं होतं. मग अंगावर पाजू नका, वरचं दूध द्या, हा सल्ला ओघानेच आला. जागतिक आरोग्य संघटनाही तेव्हा म्हणत होती की वरचं दूध परवडणारं, सुरक्षित आणि कायम मिळणारं असेल तर स्तनपान टाळा. आमच्या डोक्यात त्यातलं "टाळा" तेवढं राहिलं. सुरक्षित पाणी, इंधन, रोजचा पैसा या अटी मागे पडल्या.

त्या अटींचं महत्त्व आफ्रिकेतल्या अनुभवांनी दाखवून दिलं. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले होते. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळांपेक्षा, थोडं अंगावरचं आणि थोडं वरचं असं मिसळून पाजलेल्या बाळांना संसर्ग जास्त झाला, असं त्यात दिसलं. बोट्सवानात सरकार एचआयव्हीबाधित मातांना दुधाची पावडर मोफत देत असे. २००६ च्या सुरुवातीला तिथे अतिवृष्टी झाली, पाणी दूषित झालं, जुलाबाची साथ आली आणि तिचा सगळ्यात मोठा घाव वरच्या दुधावरच्या बाळांवर बसला. एका विषाणूपासून वाचवलेली लेकरं जुलाबांनी गेली. एका प्रशिक्षणात हे ऐकलं तेव्हा मला आमच्या वॉर्डातून घरी गेलेल्या बायका आठवल्या. शेतातल्या झोपडीत राहणारी, टँकरचं पाणी भरणारी बाई बाटली उकळणार कशी आणि किती वेळा? शिवाय सासू विचारणार, अंगावर का पाजत नाहीस? मग चारचौघांत ती पाजणारच, आणि एकटी असली की वरचं देणार. म्हणजे जे मिसळणं सगळ्यात वाईट, तेच आमच्या सल्ल्यातून घडत असणार.

मग औषधंच बदलली. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग असलेला, भारत, इथिओपिया आणि युगांडा या तीन देशांतला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांना एकाच डोसऐवजी सहा आठवडे रोज नेव्हिरापिन दिलं, तर सहा आठवड्यांच्या वयापर्यंत होणारा संसर्ग निम्म्यावर येतो, असं त्यात आढळलं. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या संरक्षणाखाली स्तनपान करा असं सांगितलं. २०१४ पासून भारतात प्रत्येक बाधित गर्भवतीला, रक्ततपासणीतला पेशींचा आकडा काहीही असो, आयुष्यभराचे उपचार सुरू करायचं धोरण आलं. आई नियमित गोळ्या घेते, बाळाला सरबत मिळतं, पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध असतं, आणि संसर्गाचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं. सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला टोचून गाळणकागदावर रक्ताचे ठिपके घ्यायचे, वाळवायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे, हे काम मी नंतर केलं. अंगावर पिऊन गुटगुटीत झालेल्या बाळांचे अहवाल एकामागून एक निगेटिव्ह येत गेले, तशी माझी जुनी खात्री ढिली पडत गेली. बाळाला आईच्या अंगावरून न हलवता विषाणूचाच रस्ता अडवता येतो, हे मी प्रत्यक्ष पाहत होते.

तरीही मी तो एचआयव्हीपुरता अपवाद मानला. नियम तोच ठेवला.

कोविड आला आणि नियम पुन्हा डोकं वर काढून उभा राहिला. २०२० च्या सुरुवातीला चीनमधल्या तज्ज्ञांनी बाळाला १४ दिवस वेगळं ठेवायचा सल्ला दिला. एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तात्पुरतं वेगळं ठेवा असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटना मात्र सुरुवातीपासून म्हणत होती की आई-बाळाला एकत्र ठेवा, आईला मास्क लावा, हात धुवा आणि अंगावर पाजा. मला ते धाडसाचं वाटलं. माझा कल वेगळं ठेवण्याकडेच होता आणि ज्या रुग्णालयात मी तेव्हा होते तिथेही तोच निर्णय झाला. आई कोविड वॉर्डात, बाळ दुसऱ्या इमारतीत, मध्ये बंद दार.

त्या दिवसांत जे पाहिलं ते मला विसरता येत नाही. तिसऱ्या दिवशी बायकांची छाती दुधाने भरून दगडासारखी होई. पीपीई किट घातलेली सिस्टर दूध पिळायला मदत करी, पण ते दूध बाळापर्यंत न्यायचं कसं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते बेसिनमध्ये ओतलं जाई. पहिल्या दिवसांचा पिवळसर घट्ट चीक, ज्याच्या थेंबाथेंबासाठी आम्ही एरवी आयांच्या मागे लागतो, तोही असाच गेला. त्यातल्या एकीला चांगलाच ताप चढला. तो कोविडचा, की छातीत झालेल्या गाठींचा, हे डॉक्टरांनाही लगेच सांगता येईना. तिकडे दुसऱ्या इमारतीत तिचं बाळ आजी सांभाळत होती. आजी बाजारात फिरून आलेली, मास्क हनुवटीवर, हातात पावडरच्या दुधाची बाटली. मी दारात उभी राहून दोन्हीकडचा हिशेब मांडला. आईला संसर्ग आहे हे माहीत होतं, म्हणून तिच्याबाबतीत मास्क, साबण, पाणी सगळं सांभाळता आलं असतं. आजीबद्दल काहीच माहीत नव्हतं आणि बाळ दिवसरात्र तिच्या मांडीवर होतं.

पुढे आकडे येऊ लागले. न्यूयॉर्कच्या तीन रुग्णालयांत ११६ बाधित मातांना १२० बाळं झाली. बहुतेक बाळं आईच्याच खोलीत, पाळण्यात राहिली आणि मास्क लावून, हात धुऊन आयांनी त्यांना अंगावर पाजलं. पहिल्या २४ तासांच्या तपासणीत एकही बाळ बाधित निघालं नाही. तो अभ्यास जुलै २०२० मध्ये आला, आणि त्याच महिन्यात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या त्या संघटनेने वेगळं ठेवायचा सल्ला बदलला. स्वीडनमध्ये तर आई-बाळाला सरसकट वेगळं केलंच नव्हतं. तिथल्या बाधित मातांच्या २,३२३ बाळांपैकी फक्त २१ बाळांना, म्हणजे शंभरात एकालाही नाही, संसर्ग आढळला. त्याच अभ्यासात बाधित आयांच्या बाळांना श्वासाचा त्रास आणि अतिदक्षता विभागाची गरज थोडी जास्त लागली, हेही सांगायला हवं. पण त्याचं मुख्य कारण बाळं दिवस भरायच्या आधी जन्मली हे होतं. आईच्या कुशीचा त्यात दोष नव्हता.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर पोटाशी बांधून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय ज्यात सहभागी होतं, तो पाच देशांतला अभ्यास २०२१ मध्ये आला. एक किलो ते पावणेदोन किलोच्या आसपास वजनाच्या बाळांना जन्मताच आईच्या छातीवर ठेवलं, तर पहिल्या महिनाभरातले मृत्यू पाव हिश्शाने कमी होतात, असं त्यात सिद्ध झालं. त्याच वर्षी दुसऱ्या एका विश्लेषणात हिशेब केला गेला. ही पद्धत सर्वत्र नीट राबवली तर जगभरात सव्वा लाखाहून अधिक नवजात जीव वाचतील, आणि बाळ आईजवळ राहिल्यामुळे कोविडने होऊ शकणारे मृत्यू दोन हजारांच्या आत राहतील. वेगळं ठेवण्याचीही किंमत असते आणि ती बाळंच चुकवतात, हे मी त्या आकड्यांतून पहिल्यांदा स्पष्ट पाहिलं. विषाणूने झालेला मृत्यू नोंदवहीत येतो. गार पडून, भुकेने, जुलाबाने गेलेल्या बाळाच्या नोंदीत "आईपासून दूर ठेवलं" असं कुणी लिहीत नाही.

आपल्याकडेही, मुंबईच्या नायर रुग्णालयात एप्रिल २०२१ पर्यंत कोविडबाधित मातांची हजाराहून अधिक बाळं सुखरूप जन्माला आली. पुण्याच्या ससून रुग्णालयात मात्र २०२० मध्ये गर्भातच संसर्ग झालेलं बाळ आढळलं. वारेत आणि नाळेतही विषाणू सापडला. बाळ गंभीर झालं आणि उपचारांनी बरं होऊन घरी गेलं. असा प्रकार विरळा, पण त्यातूनही मला तेच दिसलं. विषाणू जन्माआधीच पोहोचला असेल, तर जन्मानंतर बाळाला लांब नेऊन काय साधणार?

इथे माझं मत खऱ्या अर्थाने फिरलं. कोणत्याही आईच्या फाइलवर संसर्ग लिहिलेला दिसला, की आता मी आधी विचारते, हा विषाणू बाळापर्यंत कोणत्या वाटेने जातो? वारेतून, प्रसूतीच्या रक्तातून, खोकल्यातून, की अंगावरच्या फोडातून? वाट कळली की उपाय आपोआप कळतो, आणि तो प्रत्येक वेळी निराळा असतो.

हेपॅटायटिस बी घ्या. तो प्रसूतीत आईच्या रक्तातून जातो. आईच्या रक्तात विषाणूचा जोर जास्त असेल आणि काहीच केलं नाही, तर शंभरात नव्वद बाळांपर्यंत संसर्ग होऊ शकतो. या वयात संसर्ग झालेल्या दहापैकी नऊ बाळांना तो जन्मभर चिकटतो आणि पुढे यकृत खातो. त्यावर उपाय आहे तो जन्मानंतरच्या २४ तासांत डाव्या मांडीत दिली जाणारी अर्ध्या मिलिलिटरची लस, आणि बाधित आईच्या बाळाला दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन. हे दिलं की आईने खुशाल अंगावर पाजावं. इथे बाळाला लांब नेण्यात तास घालवायचे आणि लस "उद्या सकाळी देऊ" म्हणून ठेवायची, हा उफराटा कारभार. शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळाला सोमवारी लस मिळणं हे त्याच्यासाठी आईच्या कुशीपेक्षा कितीतरी धोक्याचं.

चिकनगुनियाची गोष्ट आणखी वेगळी. २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर मोठी साथ आली. ऐन प्रसूतीच्या वेळी ज्यांच्या रक्तात विषाणू होता, अशा आयांच्या जवळजवळ निम्म्या बाळांना संसर्ग झाला. सिझेरियन करूनही तो टळला नाही. ही बाळं जन्मताना ठणठणीत असतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप येतो, बाळ पिणं सोडतं, सांधे दुखत असल्याने हात लावला की किंचाळतं, अंगावर पुरळ येतं, पुढे नाकाचा शेंडा काळवंडतो. काहींच्या मेंदूवर परिणाम होतो. २०२४ मध्ये पुण्यात या तापाची साथ आली तेव्हा नवजात बाळांमध्येही हे पाहायला मिळालं. आता हिशेब करा. साध्या बाळंतपणानंतर आई दोन-तीन दिवसांत घरी जाते, म्हणजे बाळ आजारी पडतं ते नेमकं घरी गेल्यावर. बाळाला आईपासून लांब ठेवलं तर इथे फायदा शून्य. उपयोग कशाचा, तर प्रसूतीच्या आधीच्या आठवड्यात आईला ताप आणि सांधेदुखी होती हे माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहिण्याचा, बाळाला आठवडाभर नजरेखाली ठेवण्याचा आणि आशाताईंना ते सांगण्याचा. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जातातच. धोक्याचे दिवस तेच आहेत.

माझं मत बदललं म्हणून मी उलट टोकाला गेलेले नाही. काही वेळा अंतर लागतं आणि ते ठेवलंच पाहिजे. आईला कांजिण्या बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांपासून नंतरच्या दोन दिवसांपर्यंत उठल्या, तर बाळासाठी तो फार वाईट काळ असतो. विषाणू बाळाकडे गेलेला असतो, पण आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन वारेतून बाळाला मिळायला वेळच मिळालेला नसतो. अशा बाळाला तातडीने कांजिण्यांविरुद्धचं इम्युनोग्लोब्युलिन लागतं, आणि आईचे फोड सुकून खपली धरेपर्यंत काही काळ वेगळं ठेवावंही लागतं. तेव्हाही आईच्या स्तनावर फोड नसतील तर पिळलेलं दूध वाटी-चमच्याने देता येतं. नागिणीसारखे दिसणारे पण हर्पिस सिम्प्लेक्सचे फोड स्तनावर असतील, तर त्या बाजूने पाजायचं नाही. प्रसूतीच्या वेळी जननमार्गावर असे फोड असतील, तर डॉक्टर सिझेरियनचा निर्णय घेतात. आईच ऑक्सिजनवर असेल, उठून बसायची ताकद नसेल, तर बाळ दुसऱ्याने सांभाळायचं. पण ते तिच्या अशक्तपणामुळे, आणि ती सावरेपर्यंतच.

आपल्या जुन्या घरांत बाळंतिणीला दहा दिवस वेगळ्या खोलीत ठेवत. त्यामागच्या विटाळाच्या कल्पनेचं मी समर्थन करत नाही. पण त्या खोलीत आई आणि मूल एकत्र असत, बाहेर ठेवलं जाई ते गावाला. आपण आता नेमकं उलट करतो. सर्दी झालेल्या आईकडून बाळ काढून घेतो आणि पाचवीला जमलेल्या पंचवीस जणांच्या हातांत ते फिरवतो. ओठावर जर उठलेला मामा त्याचा पापा घेतो आणि कुणी काही बोलत नाही. ओठावरच्या त्या फोडांचा विषाणू हर्पिसचाच असतो आणि नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आईला मास्क लावायला सांगणाऱ्या घराने आधी पाहुण्यांना दार बंद करावं.

नव्या सिस्टरना मी आता वेगळं शिकवते. आईचे अहवाल कळा सुरू व्हायच्या आधी फाइलमध्ये असू द्या. हेपॅटायटिस बीची लस लेबर रूमच्या फ्रिजमध्ये रविवारी आणि रात्रीही असलीच पाहिजे. इम्युनोग्लोब्युलिन जिल्ह्यात कुठे मिळतं, तो फोन नंबर भिंतीवर लावा. सर्दी, फ्लू, कोविड असेल तर आईला मास्क, साबणाने कोपरापर्यंत हात धुणं, पाजून झालं की पाळणा थोड्या अंतरावर. बाळाला मास्क कधीही लावायचा नाही, त्याने त्याचा श्वास कोंडेल. आणि वेगळं ठेवायची वेळ आलीच, तर ते का, किती दिवस आणि आईचं दूध बाळापर्यंत कसं पोहोचणार, या तीन गोष्टी लिहून झाल्याशिवाय बाळ उचलायचं नाही.

हा शेवटचा नियम प्रत्येक प्रसूतिगृहात लेखी असावा, एवढी माझी मागणी आहे. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे आज सांगता येत नाही. ती येईल तेव्हा पहिल्या आठवड्यात माहिती अपुरी असेल, भीती भरपूर असेल, आणि कुणीतरी पुन्हा म्हणेल, बाळ लांब न्या. तेव्हा पाळण्याशी उभ्या असलेल्या सिस्टरला "का?" असं विचारायचा अधिकार हवा, आणि त्याचं उत्तर देणं डॉक्टरांना बंधनकारक हवं.